राक्षसी आफ्रिकी गोगलगाईचा शंख: साफ करणे, ओळखणे आणि नोंदवून ठेवणे

राक्षसी आफ्रिकी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. आता ती जगभरच्या उष्ण, दमट प्रदेशांत पसरली आहे. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका; जुन्या चिठ्ठ्यांवर आणि पुस्तकांत तिचे अकॅटिना फुलिका हे नाव आढळते. दोन्ही नावे एकाच जातीची, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. पूर्ण वाढलेल्या गोगलगाईचा शंख साधारण ५ ते १० सेंटिमीटर भरतो आणि क्वचित २० सेंटिमीटरपर्यंतही जातो. शंखांचा अभ्यास सुरू करायला हा नमुना उत्तम आहे, कारण तो मोठा असतो, हातात नीट धरता येतो आणि त्याचे सगळे भाग भिंगाशिवाय दिसतात.

मात्र बरेचसे शंख बिघडतात ते घरी आणल्यावर. कोणी ते ब्लीचमध्ये बुडवतो, कोणी व्हिनेगरने घासतो, कोणी वरून वॉर्निश चढवतो. शंखावरची प्रत्येक रेघ म्हणजे त्या जिवाच्या आयुष्यातला एक टप्पा असतो. चकाकी आणण्याच्या नादात तो टप्पा पुसला गेला की परत येत नाही. म्हणून इथे दिलेली पद्धत शंख आहे तसाच टिकवण्याची आहे.

आधी तो रिकामा आहे याची खात्री

गोगलगाय शंख सोडून निघून जात नाही. तिचे शरीर आतल्या मध्यदांड्याला स्नायूने घट्ट जोडलेले असते. शंख रिकामा असेल तर ती मेलेली आहे, आणि आत काही असेल तर ती जिवंत असू शकते. कोरड्या दिवसांत ही गोगलगाय अंग पार आत ओढून घेते, तोंडावर पांढरट, कागदासारखा पडदा धरते आणि महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. हा पडदा दिसला तर शंख मेलेला समजून उचलू नये. बॅटरीचा उजेड तोंडातून आत टाकून पाहावे आणि हातात तोलून पाहावे. रिकामा शंख आकाराच्या मानाने चटकन हलका जाणवतो.

ही खबरदारी घेण्यामागे मोठे कारण आहे. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते. एकदा मिळालेले शुक्राणू ती दीर्घकाळ साठवू शकते, त्यामुळे एकटी गोगलगाय नव्या जागी पोचली तरी अंडी घालते. एका खेपेला अंडी १०० ते ४००, आणि वर्षातून अशा अनेक खेपा. १८४७ साली शंखांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून काही गोगलगाई कोलकात्याला आणल्या. त्या चौरंगी भागातल्या बागेत सोडल्या गेल्या आणि भारतातला प्रसार तिथून सुरू झाला. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगाई फ्लोरिडात मायामीला नेल्या. त्या बागेत सुटल्या आणि सात वर्षांत त्यांच्या १८,००० हून अधिक झाल्या. त्या निपटायला जवळजवळ दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर लागले. म्हणून जिवंत गोगलगाय एका जागेवरून दुसरीकडे नेऊच नये. कित्येक देशांत तसे करणे बेकायदाही आहे. रिकाम्या शंखाच्या आतही माती भरलेली असेल तर ती जागेवरच काढून तपासावी. साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी, सुमारे ५ मिलिमीटरची गोल अंडी दिसली तर तो गोळा घरी आणायचा नाही.

हात सांभाळा

या गोगलगाईच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातला एक सूक्ष्म जंत वाढतो. त्याचे नाव अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस. उंदराच्या विष्ठेतून तो गोगलगाईत येतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. धोका मुख्यतः कच्चे मांस तोंडात जाण्याचा आहे, पण चिकट बोटे तोंडाला लावणेही टाळलेच पाहिजे. ओला, ताजा किंवा आत काही उरलेला शंख रबरी हातमोजे घालूनच उचलावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, ब्रश आणि भांडी वेगळी ठेवावीत. ज्या पातेल्यात शंख उकळाल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. उन्हापावसात कित्येक महिने पडून खडखडीत वाळलेल्या शंखात ही भीती फारशी उरत नाही, तरी पहिली धुलाई होईपर्यंत मोजे काढू नयेत.

रिकामा शंख धुणे

एक लिटर कोमट पाणी घ्या. त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाचे चार-पाच थेंब टाका. शंख अर्धा तास बुडवून ठेवा. माती कडक झाली असेल तर दोन-तीन तास. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा, कारण शंखाच्या बाहेर एक पातळ, तपकिरी, प्रथिनांचा पापुद्रा असतो. जुन्या शंखावर तो आधीच सैल झालेला असतो आणि फार वेळ भिजला की सोलून निघतो.

मग लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या. दिशा महत्त्वाची. शंखावर उभ्या बारीक रेघा असतात, त्या ओठाच्या, म्हणजे शंखाच्या तोंडाच्या काठाच्या, कडेला समांतर जातात. ब्रश या रेघांच्या दिशेनेच चालवावा. आडवा चालवला तर पापुद्र्याच्या कडा उचकटतात. दोन वेढ्यांच्या सांध्यात अडकलेली माती बांबूच्या दातकोरणीने काढावी. सुई किंवा टाचणी वापरली तर पांढरा ओरखडा उठतो आणि तो कायमचा राहतो.

आत भरलेली माती खणून काढू नये. पिचकारीत किंवा सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंडातून जोरात मारा, शंख उलटा करून झटका, पुन्हा पाणी मारा. दहा-बारा वेळा करावे लागते. घाईघाईत तार घालून माती ओढली की हमखास ओठ तुटतो. या जातीच्या गोगलगाईचा ओठ पातळ आणि धारदार असतो, बाहेर वळलेला नसतो, म्हणून तो सर्वांत आधी जातो.

आत मांस उरले असेल तर

मेलेली गोगलगाय आतच असेल तर दोन वाटा आहेत: गोठवणे आणि उकळणे.

गोठवायचे तर शंख दोन पिशव्यांत बांधून उणे १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात ४८ तास ठेवा. जंत मरायला २४ तास पुरतात, उरलेला वेळ मोठ्या शंखाचा गाभा गोठण्यासाठी. मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू वितळू द्या. गोठलेला शंख थेट गरम पाण्यात टाकला तर तडा जाण्याची भीती असते.

उकळायचे तर पातेल्याच्या तळाशी फडके अंथरा, म्हणजे शंख धातूवर आपटणार नाहीत. शंख गार पाण्यात ठेवून मग आच लावा. उकळी फुटल्यावर ५ सेंटिमीटरच्या शंखाला पाच-सहा मिनिटे, ८ सेंटिमीटर आणि पुढच्याला दहा मिनिटे मंद आचेवर ठेवा. आच बंद करून त्याच पाण्यात निवू द्या. उकळलेला शंख नळाखाली धरणे ही फार नेहमीची चूक आहे. बाहेरचा थर एकदम आकसतो, आतला गरमच असतो, आणि तोंडाजवळ केसासारखी चीर पडते.

मांस काढताना क्रोशाची बारीक सुई किंवा टोकाला वाकवलेली तार पायाच्या जाड स्नायूत रोवा. आता ओढू नका, फिरवा. ही गोगलगाय सहसा उजव्या वळणाची असते. तोंड आपल्याकडे धरून मांस घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे स्क्रू सैल करताना फिरवतो तसे फिरवा, आणि दुसऱ्या हाताने शंख घड्याळाच्या दिशेने वळवत राहा. नीट शिजलेले असेल तर अख्खे शरीर वेटोळ्यासकट एका दमात बाहेर येते. सरळ ओढले की ते मधेच तुटते आणि टोकाकडचा काळसर, मऊ भाग आत राहतो. ही पचनग्रंथी असते आणि पुढे कित्येक आठवडे येणारी दुर्गंधी तिचीच.

तो भाग राहिलाच तर शंखात पाणी भरून दोन दिवस ठेवा, दर बारा तासांनी पाणी बदला, प्रत्येक वेळी जोरात हलवा आणि पिचकारी मारा. तरीही निघाला नाही तर हट्ट सोडा. शंखात ७० टक्के अल्कोहोल भरून तीन-चार दिवस ठेवा, मग ओतून वाळवा. राहिलेला तुकडा आतल्या आत सुकून कडक होतो आणि वास येत नाही. काढलेले मांस उकळून, पिशवीत बंद करून टाकावे, उघड्यावर नाही.

शंख मातीत पुरून ठेवण्याचा आणि मुंग्यांना खाऊ देण्याचा उपाय बरेच जण सांगतात. मुंग्या काम करतात हे खरे, पण माती करते ते नुकसान मोठे. कुजणाऱ्या पाचोळ्यातली आम्ले शंखाचा वरचा थर खातात आणि तो खडूसारखा निस्तेज होतो.

काय लावू नये, आणि का

शंखाचे मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचे आम्ल, काहीही लागले की ते फसफसते. तो फेस म्हणजे शंखच विरघळत असतो. एखादे मिनिटही पुरेसे असते, सांध्याजवळच्या बारीक रेघा तेवढ्यात बोथट होतात. ब्लीच वेगळ्या रीतीने मारते: ते प्रथिने विरघळवते, म्हणजे बाहेरचा पापुद्रा, आणि त्याबरोबर झळाळी व रंगाचा काही भाग नेते. ब्लीच केलेला शंख पहिल्या दिवशी स्वच्छ दिसतो, पण ती स्वच्छता नव्हे, सोलणे आहे.

वॉर्निश किंवा नेलपॉलिश कालांतराने पिवळे पडते आणि सोलताना पापुद्रा सोबत घेऊन जाते. पापुद्रा फारच कोरडा पडून कडा उचलू लागला असेल तर शुद्ध लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब बोटावर घेऊन अगदी पातळ चोळावा, आणि तसे केल्याचे चिठ्ठीवर लिहावे. खाण्याचे तेल नको. ते खवट होते, चिकटते आणि धूळ धरते.

वाळवताना ऊन, हेअर ड्रायर, ओव्हन यांपैकी काहीही नको. शंख तोंड खाली करून टिपकागदावर एक दिवस, मग सावलीत चार ते सात दिवस. वरच्या अरुंद वेढ्यांत पाणी खूप वेळ दडून बसते. नेमके कळायला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर रोज वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आले की शंख वाळला.

शंख वाचणे

टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरा. तोंड उजवीकडे आले तर शंख उजव्या वळणाचा. या जातीत डाव्या वळणाचा शंख फार दुर्मिळ असतो, म्हणून तसा दिसला तर आधी आपण तो उलटा तर धरला नाही ना, हे पाहावे. छायाचित्र आरशासारखे उलटे छापले गेल्यानेही ही चूक होते.

जात ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण रंगात नाही, मध्यदांड्यात आहे. तोंडातून आत पाहिले की वेढे ज्याच्याभोवती फिरतात तो उभा दांडा दिसतो. या कुळातल्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाईंत तो खाली हळूच ओठात मिसळत नाही, छाटल्यासारखा एकदम तुटतो, आणि तिथे ओठाशी एक खाच तयार होते. ही खाच लहान पिल्लाच्या शंखातही असते आणि ओठ तुटलेल्या शंखातही उरते. शेजारी पडलेल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या तपकिरी गोगलगाईला राक्षसी आफ्रिकी ठरवण्याआधी एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुष्कळ चुका टळतील, आणि कित्येक निरुपद्रवी स्थानिक गोगलगाईंचा जीव वाचेल.

मग दांड्याचा रंग. लिसाकॅटिना फुलिकात तो पांढरा किंवा निळसर पांढरा असतो. गुलाबी असेल तर ती लिसाकॅटिना इमॅक्युलाटा ही जवळची जात असण्याचा संभव जास्त. टोक निमुळते नसून बोथट, फुगीर आणि रुंद असेल तर आर्काकॅटिना मार्जिनाटा या पश्चिम आफ्रिकी जातीचा विचार करावा. बाहेरचा रंग मात्र फसवा आहे: तांबूस तपकिरी पृष्ठभागावर पिवळट उभे पट्टे ही नेहमीची ठेवण, पण ते कुठे गडद, कुठे पुसट, आणि उन्हात पडलेल्या शंखावर मुळीच नसतात.

टोकाचा अगदी पहिला, गुळगुळीत भाग हा अंड्यातच तयार झालेला शंख. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याचा शंख सुमारे ४ मिलिमीटरचा असतो. पुढची सगळी वाढ ओठाच्या कडेवर होते. जुना भाग मोठा होत नाही, नवा जोडला जातो. म्हणून टोकाकडून ओठाकडे नजर फिरवणे म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत वाचत जाणे आहे. मधेच एखादी ठळक, जाडसर, गडद उभी रेघ दिसली तर तिथे वाढ थांबली होती, बहुधा कोरड्या दिवसांतल्या झोपेत. एखाद्या ठिकाणी रेघा वेड्यावाकड्या तुटून पुन्हा सरळ झाल्या असतील तर तिथे शंख फुटला होता आणि गोगलगाईने तो आतून सांधला. अशी जखम असलेला शंख कमअस्सल मानून टाकून देणाऱ्यांचे फार नुकसान होते. आमच्या मते संग्रहात तोच सर्वांत मोलाचा.

वयाचा अंदाज वेढ्यांवरून नुसता करता येत नाही. पुष्कळ जमिनीवरच्या गोगलगाईंचा ओठ प्रौढ झाल्यावर बाहेर वळतो आणि वाढ थांबते. इथे तसे होत नाही. प्रौढ झाल्यावर वाढ मंदावते आणि ओठ जाड होत जातो. कॅलिपरने ओठाची जाडी मोजा: ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर गोगलगाय तरुण, ०.८ च्या पुढे गेली तर पोक्त. ओठ तुटलेला असेल तर ही मोजणी करू नये.

मोजमाप

व्हर्नियर कॅलिपर, ०.१ मिलिमीटर अचूकतेचा. उंची म्हणजे टोकापासून तोंडाच्या तळापर्यंत, शंखाच्या मध्य-अक्षाला समांतर. नवखे लोक कॅलिपर तिरका धरून सर्वांत लांब अंतर घेतात, त्यामुळे आकडा जास्त येतो. रुंदी अक्षाला काटकोनात, शेवटच्या वेढ्याच्या सर्वांत फुगीर जागी. तोंडाची उंची वेगळी लिहा. प्रत्येक माप तीनदा घेऊन मधला आकडा नोंदवा. टोक झिजले असेल तर उंचीपुढे ‘टोक झिजलेले’ असे लिहा, अंदाजाने भर घालू नका.

वेढे मोजताना टोक डोळ्यांसमोर धरा. अगदी सुरुवातीला अर्धवर्तुळासारखा एक ठिपका दिसतो. तो बाकीच्या भागापासून जिथे वेगळा होतो तिथून एक सरळ रेघ मनाने आखा. सांध्यावरून बोट फिरवत ही रेघ ओलांडली की एक वेढा. शेवटचा अपुरा भाग पाव, अर्धा, पाऊण असा लिहा. प्रौढ शंखात सात ते नऊ वेढे येतात. तुमचे पाच भरले आणि शंख ८ सेंटिमीटर असेल तर मोजणी पुन्हा करा, नाहीतर जात तरी दुसरी आहे.

चिठ्ठी

गोगलगाय कुठे, कधी पोचली हे कळते ते तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदींवरून. त्यामुळे चिठ्ठी नसलेला शंख अभ्यासाच्या कामाचा नाही. चिठ्ठीवर नेमकी जागा (शक्यतो अक्षांश-रेखांश), तारीख, कोणी उचलला, परिसर कसा होता, रिकामा सापडला की मेलेल्या प्राण्यासह, कशाने साफ केला, आणि जात कोणी ठरवली, एवढे असावे. आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई फिकट होते, ओलाव्यात पसरते. शंखाला आणि चिठ्ठीला एकच क्रमांक द्या. मोठ्या शंखावर तो ओठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात काळ्या इंडिया इंकने (न पुसल्या जाणाऱ्या शाईने) लिहिता येतो. चिकटपट्टी शंखावर कधीच लावू नका, काढताना पापुद्रा निघतो. तारीख ‘३/४’ अशी न लिहिता महिना अक्षरात लिहा.

पेटी आणि पांढरी भुकटी

वर्ष-दोन वर्षांनी शंखावर पांढरी, मिठासारखी भुकटी दिसू लागली तर लोक ती बुरशी समजतात आणि पुसून टाकतात. ती बुरशी नसते. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सतत निघत असते. बंद पेटीत ती साचते, हवेतल्या ओलाव्याबरोबर शंखाशी अभिक्रिया करते आणि त्यातून क्षार तयार होतात. १८९९ मध्ये शंखांचे अभ्यासक लॉफ्टस बाइन यांनी याचे वर्णन केले, म्हणून याला बाइनचा रोग म्हणतात. बाइन यांना तो जिवाणूंमुळे होतो असे वाटले होते आणि ते चूक होते. ओकच्या कपाटात हा रोग सर्वांत जास्त.

दिसताच त्या शंखाला बाकीच्यांपासून दूर करा, साध्या पाण्याने धुवा, पुढे दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवा आणि पूर्ण वाळवा. खाल्ला गेलेला भाग भरून येत नाही, पण पुढची झीज थांबते. त्याच पेटीत परत ठेवला तर काही महिन्यांत तेच होईल. पॉलिप्रॉपिलीनचे डबे, काचेच्या बाटल्या किंवा रंगवलेली पोलादी कपाटे घ्या. डबा अगदी हवाबंद नको. तळाशी कापूस टाकू नका, तो ओलावा धरतो आणि सैल पापुद्र्यात अडकतो. पॉलिएस्टरची पातळ गादी चालते. सिलिका जेलच्या पुड्या भरमसाठ टाकून हवा कोरडी ठक्क करणेही वाईट, त्याने पापुद्रा आकसून तडकतो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली की पुरे.

दर सहा महिन्यांनी डबा उघडून आधी नाक लावा. आंबूस वास आला तर भुकटी दिसण्याची वाट न पाहता डबा बदला.